कथिलाचं तेल

शेणवा, ३ नोव्हेंबर १९४१

खर्डी स्टेशनवर उतरून बैलगाडीनं इथं पोचलो. हाडं खिळखिळी झाली, पण जागा झकास! बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी माशा मारत होतो. आता डॉक्टर रणदिव्यांचा रसायनज्ञ. भांड्यांना कल्हई करतात ते कथील जाळून पांढरी राख करायची, तिच्या गोळ्या वळायच्या आणि गळवांवर द्यायच्या. वैद्य हिलाच वंगभस्म म्हणतात. अगदी निरुपद्रवी.

१५ नोव्हेंबर

राखेला गुण फार सावकाश. डॉक्टरांना जालीम औषध हवं होतं, म्हणून मी कथिलाची दारूच्या अर्कातल्या इथिलशी सांगड घातली. सहा दिवस खपलो तेव्हा उग्र वासाचं तेल निघालं. आभाळ ठेंगणं झालं! पोकळ गोळ्यांत थेंब थेंब भरून ते वाडीतल्या लखमाला सुरू केलं. त्याच्या पाठीवर सात गळवं आहेत.

१९ नोव्हेंबर

गळवं तशीच. लखमा डोकं धरून बसतो, ओकतो. कुठं दुखतं, कसं दुखतं, विचारून माझा घसा सुकला. "डोका फुटतो, सायब. आनिक काय सांगू?" एवढंच. असल्या अडाण्यांवर कसलं संशोधन होणार? मी चिडून डॉक्टरांना म्हटलं, याच्या जागी मी असतो तर सगळं नीट लिहून दिलं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसले.

२२ नोव्हेंबर

लखमा गेला. आधी पाय लुळे पडले, मग डोळे गेले. तेल थांबवा म्हटलं. डॉक्टर म्हणाले, एकानं काही सिद्ध होत नाही. त्याची बायको लहानी हिच्या मानेवर गळू आहे, पण ती गोळी घेईना. "तुमी खा पयला, मंग मी." डॉक्टरांनी माझ्या हातावर एक ठेवली, कानात सांगितलं, हिच्यात नुसती साखर आहे. मी गिळली. मग तिनं घेतली. तिच्या गोळीत साखर नव्हती हे मला ठाऊक होतं. गप्प बसलो. लाज वाटते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ढेकर आली. तेलाचा वास—

२५ नोव्हेंबर

पहाटेपासून डोकं. उतारा मागितला. डॉक्टर म्हणाले, यावर उतारा नाहीच. त्या संध्याकाळपासून दाराला बाहेरून कडी. ही वही आणि दौत मात्र ठेवली आहे.

२७

अक्षरं दोन दोन दिसतात. डॉक्टर खुर्ची टाकून बसलेत. फार गोड बोलतात. विचारतात, नेमकं कुठं? कपाळाच्या आत— मागं— भिंतीवर आपटावंसं—

पलीकडच्या खोलीत लहानी ओरडत होती. आता नाही.

तिला मी जाणूनबुजून— डॉक्टर म्हणतात, ते खोडा. पायांचं लिहा.

पाय—