चौघांच्या वर

सान लाझारो,
बुधवार, १४ नोव्हेंबर १६१२

मेल्चोर,

थोरल्या बहिणीने आधी आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिते. सुखी राहा. व्हेराक्रूझच्या दमट हवेत घसा सांभाळ. तो बसला तर गावाचा कायदा मुका होईल.

इकडे ठीक आहे. तुझ्या कोंबड्या सध्या शेजारच्या ग्रासियाकडे आहेत. आईसाठी तू पाठवलेली मेणबत्ती मिळाली. मेण चांगलं आहे. अजून लावली नाही.

बंदरावर जायच्या सकाळी तू चौकात दवंडी दिलीस, आठवते ना? काळ्या माणसाच्या अंत्ययात्रेला चौघांच्या वर काळी माणसं जमायची नाहीत, ढोल नको, गाणी नकोत. आई अंथरुणातून उठून बसली. शब्द तिला नीट ऐकू येत नव्हते, पण तुझा आवाज ती हजारात ओळखायची.

"काय गळा आहे गं माझ्या लेकाचा! काय सांगतोय?"

"पाव स्वस्त झाला म्हणतोय," मी म्हणाले.

"बरं झालं बाई," म्हणून ती हसत पडून राहिली. चारच दिवसांनी गेली.

तू म्हणशील, "ताई, शब्द सरकारचे, मी नुसतं तोंड." हेच ऐकून माझं डोकं फिरतं! चौकात ओरडून सांगितल्याशिवाय हुकूम लागू होत नाही, हे मला कोणी शिकवलं? तूच, छाती फुगवून. मग तुझ्या तोंडाशिवाय तो कागद काय होता? उंदरांनी खाल्ला असता.

आणि ही चौघांची अक्कल त्यांना आत्ताच कशी सुचली? आपल्या आजोबांनी चर्चच्या भिंती उभारल्या तेव्हा कोणी माणसं मोजली नाहीत. चाचे आले तेव्हा बाबांना आणि अख्ख्या वस्तीला भाले देऊन किनाऱ्यावर उभं केलं. तेव्हा म्हणायचं होतं, चौघंच या! आईने या गावात गोऱ्यांची, काळ्यांची, सगळ्यांची बाळंतपणं केली. अर्ध्या रात्री दार वाजलं तरी उठून गेली. तिला मात्र चोरासारखं पुरायचं?

निघताना खरंच चौघं होते रे. कोपऱ्यावर गुराखी गास्पार घोड्यावरून उतरला आणि टोपी काढून मागे चालू लागला. मग धोबिणी आल्या, ओल्या हातांनीच. मग आपल्या बंधुमंडळाची माणसं, ज्यांनी एकमेकांच्या मातीला जायची शपथ घेतली आहे. चर्चपर्यंत रस्ता भरून गेला. कोतवाल आडवा आला.

"चौघं थांबा, बाकीचे घरी चला!"

ग्रासिया म्हणाली, "साहेब, तुम्ही पायाळू होतात. फेलिपाबाई नसत्या तर आज आम्हाला अडवायला आला नसतात."

लोक हसले. त्याचा चेहरा लालभडक झाला. "कोणी जमवलं यांना?"

खरं तर कोणीच जमवलं नव्हतं. पण गास्पारला चार पोरं आहेत, धोबिणींना मालक आहेत. मी म्हणाले, "मी." आणि आईच्या समुद्रापलीकडच्या ब्रान मुलखातलं गाणं सुरू केलं, ढोल वाजवत. खड्ड्यात माती पडेपर्यंत थांबले नाही.

कोंबड्या ग्रासियाकडे का आहेत, ते कळलं असेल आता. हे पत्र मी तुरुंगातून लिहिते आहे. कागद पहारेकऱ्याच्या बायकोने दिला. तिचीही बाळंतपणं आईनेच केली.

शनिवारी मला गाढवावर बसवून गावभर फिरवणार आणि प्रत्येक चौकात फटके मारणार. पुढे चालत माझा गुन्हा ओरडून सांगायला तुला परत बोलावलं आहे. शुक्रवारी पोचशील तेव्हा तुझ्या हातात कागद देतील. त्यावर लिहिलं आहे, हिने दंगा माजवला. तिथे पहिल्यांदा कळून तू भांबावू नयेस म्हणून आजच सांगते.

मला सोडव असं म्हणत नाही. आजारी पडल्याचं सोंगही करू नकोस, दुसरा कोणी ओरडेल. मला तुझाच आवाज हवा आहे. पण त्यांचा शब्द नको. खरा गुन्हा सांग, प्रत्येक चौकात: हिने आपल्या आईला माणसांत नेऊन पुरलं. याबद्दल ते तुझी नोकरी घेतील, कदाचित तुझ्याही पाठीवर फटके बसतील. मला माहीत आहे, आणि तरीही मी मागते आहे.

मेणबत्ती माझ्याजवळच आहे. खरं सांगितलंस तर आपण दोघं मिळून ती आईपाशी लावू. "दंगा" म्हणालास तर तुझी तू घेऊन जा आणि पुन्हा मला ताई म्हणू नकोस.

आई नाही म्हणून हळू बोलू नकोस. आता तिला नीट ऐकू येत असेल.

शनिवारी तुझ्या मागे गाढवावर बसणारी,
फेलिपा ब्रानची मुलगी
पास्क्वाला