समुद्र सोसणारी मुलगी

अण्णा,

आज सकाळी नातीने माझी चांगलीच फिरकी घेतली. ती व्हाइटफील्डच्या ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "कॉफी सोसून ठेवलीय, पिऊन जा." तर म्हणते, "आजी, कॉफी गाळतात गं. सोसतात ते सासर!" पुण्याच्या शाळेत शिकल्याचा परिणाम, दुसरं काय. तिला सांगितलं, की सोसणं म्हणजे गाळणं, हा आपल्याकडे कानडीतून आलेला शब्द. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहून आपण असंच बोलतो. ती हसत गेली आणि मी कॉफीचा पेला घेऊन तुमच्याशी बोलायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हा शब्द निघाला की तुम्ही समोर येताच.

इथल्या, बेंगळुरातल्या शिवाजीनगरात तुमचा जाळ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं, होती ती एक लांबट खोली. धान्याच्या चाळण्या, कॉफीच्या बियांच्या चाळण्या, खिडक्यांच्या जाळ्या, आणि या सगळ्याच्या मध्ये तुम्ही, सदा कुणावर तरी खेकसत. मी बी.एस्सी. झाले आणि मला समुद्रकाठच्या एका केंद्रात नोकरी मिळाली. साठच्या दशकातली गोष्ट. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायचे प्रयोग तिथे चालत. तेव्हा मी तुम्हाला स्वयंपाकघरात बसून समजावलं: समुद्राचं पाणी पाइपातून आत ओढतात, पण समुद्र काही नुसतं पाणी देत नाही, शेवाळ, ओंडके, नारळाची सोडणं, मासे, सगळंच घुसू बघतं. ते यंत्रात गेलं की यंत्र बसलंच. म्हणून पाइपाच्या तोंडाशी आधी जाड गज, मग बारीक जाळी. माझं काम त्या जाळ्यांपाशी.

"म्हणजे समुद्र सोसायचा," तुम्ही म्हणालात. क्षणभर तुमचे डोळे चमकले, मला वाटलं जिंकले. लगेच आवाज चढला. "अय्यो, कचरा काढायला शिकवलं का गं तुला? आणि त्यासाठी एकटी पोरगी तिकडे जाणार? नको म्हणजे नको." समुद्र तुम्ही जन्मात पाहिला नव्हता. तुमच्या लेखी तो माणसं गिळणारा प्रकार होता. मी खूप रडले. केंद्रावर कळवायची मुदत जवळ येत होती आणि तुम्ही तर पुण्याहून एक स्थळ बोलावून मोकळे झाला होतात.

ती मंडळी आली तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. अम्मा पदर सावरत म्हणाली, "स्वल्प बसा, कॉफी सोसून आणते." मुलाची आई म्हणाली, "अगबाई, इतकी कडू असते का तुमच्याकडची कॉफी?" सगळे हसले. अम्मा कानकोंडी झाली. मग त्या बाईंनी विचारलं, मुलगी सध्या काय करते? मी खाली मान घालून बसले होते, तुम्हीच उत्तर दिलंत. ते अम्माला हसले, याचा बहुधा तुम्हाला राग आला असावा. ताठ बसून म्हणालात, "ती समुद्र सोसणार आहे." बाई खूश झाल्या. "समुद्रसुद्धा सोसेल म्हणता? मग उत्तमच. आमच्या घरात सोसणारीच मुलगी हवी. नोकरीबिकरी काही नको." पुन्हा सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. कॉफी संपताच तुम्ही उठलात.

पाहुण्यांना वाटेला लावून तुम्ही परत आलात, पायरीवर बसलात आणि म्हणालात, "तुझ्या त्या समुद्राला जाळी कसली लागते? लोखंडी असेल तर चार दिवसांत खाऊन टाकेल खारं पाणी." मी दारात उभी. "एनु, काय गं, तोंड शिवलंय का?" तुम्ही खेकसलात. अण्णा, त्या खेकसण्यावरून मी अजून जीव ओवाळून टाकीन.

पण मला पोचवायला आलात तेव्हा सिटी स्टेशनवर तुम्ही घोळ घातलात. गाडी सुटता सुटता खिडकीतून एक फडक्याचं गाठोडं माझ्या मांडीवर टाकलंत आणि म्हणालात, "नीट सोस हं." झालं! त्या बाईंचे शब्द माझ्या कानात ताजे होते. मला वाटलं, शेवटी तुम्हीही तेच सांगितलंत. सोस. सहन कर. बाईच्या जातीला दुसरं काय सांगणार? रस्ताभर मी धुमसत होते. खोलीवर पोचल्यावर ते गाठोडं तसंच खाटेखाली सरकवून दिलं.

तिथलं काम मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडलं. सकाळी जाळीवर शेवाळाचा जाड थर असायचा, कधी जेलीफिशचा लगदा. माणसं लांब दांड्याच्या दाताळ्यांनी गज खरवडायची, मी बारीक जाळ्या वर ओढून धुवून घ्यायची आणि कुठे फाटलंय ते बघायची. जाळी मोकळी झाली की पाणी एकदम खळाळून आत यायचं. तो आवाज ऐकला की मला हटकून तुमची आठवण यायची आणि मग रागही यायचा.

पहिल्या रजेत मी तुमच्यासाठी बाटली भरून समुद्राचं गोडं पाणी आणलं. तुम्ही आधी वास घेतलात, मग जिभेवर थेंब. "उप्पु नाही गं! मिठाचा पत्ता नाही!" मग कारखान्यात येईल त्या गिऱ्हाइकाला घोट घोट पाजलंत. "माझ्या मुलीने सोसलाय समुद्र," असं सांगत होतात. गिऱ्हाईक कानडी असो, तमिळ असो, सगळ्यांना तेच. निघताना मला हळूच विचारलंत, "ते दिलेलं, नीट सोसतं ना?" मी म्हटलं, "हो अण्णा, पहिल्या दिवसापासून."

तुमच्या कारखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, तेव्हा हे पत्र कुठे धाडणार? इथेच कॉफीच्या डब्याखाली ठेवीन. पण एवढं सांगून टाकते. पहिल्या दिवसापासून नाही, अण्णा. कित्येक आठवडे ते गाठोडं खाटेखाली धूळ खात होतं. एका सकाळी तोंडात कॉफीचा चोथा आला, घरची फार आठवण झाली, तेव्हा ते सोडलं. आत अम्माने दळलेली कॉफी होती, आणि पितळी जाळीचं एक छोटं गाळणं, कडेला तुमच्या हातचा कथलाचा डाख. मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले. तुमचं ते 'सोस' कानडीतलं होतं.