पापडाचं मीठ आणि वरचं देऊळ

२३ मार्च, रविवार. संध्याकाळ.

पोचलो, उत्तरेच्या पहाडात. हाडं मागून येतायत.

हॉटेल म्हणजे लाकडाचं घर, शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर दगडाचं छप्पर. गाडी खालीच थांबली, पुढे सगळं चालत. नातू म्हणाला, आजी, हे रस्टिक आहे. म्हटलं चिराग, मराठीत सांग. म्हणाला, जुन्या पद्धतीचं, गावठी. अरे मेल्या, चांदीपला आपलं घर असंच होतं, ते तुझ्या बापाने पाडून स्लॅब टाकला, तेव्हा कुठे होतास? म्हणाला, जन्मलो नव्हतो. तोंड आईवर गेलंय.

हे सगळं लिहून ठेवायचं कारण यमुनाबाई. माझी विहीण, सुनेची आई. विरारची फ्लॅटवाली. मागच्या वर्षी याच हॉटेलात उतरली होती. गावाच्या वर देवीचं देऊळ आहे, तिथे निघाली आणि अर्ध्यातून परत. दम लागला म्हणे. जीवदानीलासुद्धा रोपवेने जाणारी बाई, तिला दम लागायला पहाड कशाला पाहिजे?

तर आमचं ठरलंय. पाडव्यानंतर दरवर्षी ती लाटणं घेऊन आमच्याकडे पापडाला येते, कारण फ्लॅटला अंगण नाही. अंगण माझं, उडीद माझे, मुसळ माझं, आणि ही पीठ चाखून तोंड वाकडं करते. खारट म्हणे! मी देऊळ गाठून फोटो पाठवला तर मीठ कायम मी घालणार आणि ती गप्प बसणार. नाही गाठलं तर मीठ तिचं. साऱ्या भजनी मंडळासमोर बोललोय, आता मागे येणं नाही.

उद्या सकाळी जाते, दुपारी जेवायला परत. मग नुसता आराम.

२४ मार्च

गेले नाही. पहिल्या दिवशी हवा बघायची असते. बघितली. फार आहे.

सून संजना सकाळीच मागे लागली, आई, अंघोळीचं पाणी तापलंय, चला. अंघोळीची खोली हॉटेलात नाही, मागे चढावर वेगळी आहे म्हणे. दाराला कडी नाही म्हणून घंटा टांगलीय, आत कोणी आहे का ते बघायला वाजवायची, असं काहीतरी ती सांगत होती. माझं लक्ष पराठ्यात होतं. म्हटलं, या थंडीत अंगावर पाणी घालून मला इथेच ठेवून जायचंय का? तर म्हणाली, आई, प्रवासाचं अंग आहे, वास येतो.

मग सांगून टाकलं, माझं व्रत आहे. देवीचं दर्शन झाल्याशिवाय अंघोळ नाही. व्रत म्हटलं की शिकलेल्यांची बोलती बंद होते.

उद्या नक्की.

२५ मार्च

निघाले. पहिल्या वळणापर्यंत चालच अशी होती की चिराग मागे पडला. (तो बुटाची नाडी बांधत होता, पण मागे पडला ते पडलाच.)

वळणावर हॉटेलवाल्याची आई भेटली. सगळे तिला अम्मा म्हणतात. माझ्याहून थोरली, पाठीवर गवताचा हा एवढा भारा. देऊळ किती लांब, विचारलं. म्हणाली, बस, एक घंटा. म्हटलं मग काय घाई आहे! तिच्या ओट्यावर टेकले. ती राजमा निवडायला बसली. मी हात लावला. निवडणं तिचं बरं आहे, पण आमच्याकडचं नाही. शिकवता शिकवता दुपार झाली. हाती घेतलेलं काम टाकून देवाला जाणं मला पटत नाही.

यमुनाबाईचा फोन. अहो पुतळाबाई, पोचलात का? म्हटलं, विहीणबाई, देवी काय पळून चाललीय? म्हणाली, देवी नाही हो, दिवस चाललेत. मी सैंधव कुटून डब्यात भरून ठेवलंय.

सैंधव! पापडात! ही बाई जिंकली तर पापड उपासाचे होणार.

२६ मार्च

गुडघा. म्हणजे दुखत नाही, त्याच्यात थंडी शिरलीय. तुंगारेश्वर मी अनवाणी चढलेय, लेकाला, शत्रुघ्नला, कडेवर घेऊन. आता शत्रुघ्नला नातवंडं व्हायची वेळ आली ती गोष्ट वेगळी. डोंगर तोच आहे.

शत्रुघ्न म्हणाला, आई, खेचर करू. आणलं. खेचराने मला एकदा वरून खालपर्यंत बघितलं आणि मी वर बसताच खाली बसलं. खेचरवाला ओढतोय, शत्रुघ्न ढकलतोय, ते काही उठेना. आजारी असणार. मुक्या जनावराला त्रास देऊन पुण्य मिळवणारी मी नव्हे. खाली उतरले. मी उतरताच ते उठून गवत खायला लागलं. म्हणजे भुकेलं होतं.

उद्या शेवटचा दिवस. एका अर्थी बरंच आहे. नेम धरायला एकच दिवस पुरतो.

२७ मार्च. दुपार.

झालं! झालं! मीठ माझं!

नीट लिहिते. सकाळी सगळे धबधबा बघायला गेले. आई तुम्ही आराम करा म्हणाले. म्हटलं हो. त्यांची पाठ वळली की नारळ पिशवीत घातला (आमच्या चांदीपच्या वाडीतला), हळदकुंकू घेतलं, आणि निघाले. हाताला हात दिसेना असं धुकं. पण पायाला रस्ता कळतो. सफरचंदाच्या झाडांतून डावीकडे, मग भिंतीला धरून वर, मग वर, मग बसले, मग परत वर. चढ असा की जीवदानी त्यापुढे ओटी.

आणि समोर देऊळ!

जुनं, लाकडी, बुटकं. दारात घंटा. वरून धूर, आत अखंड धुनी. घंटा वाजवली. आतून आवाज आला, दो मिनट! पुजारी पूजेत असणार. थांबले. मग दार उघडलं आणि असा लोट आला वाफेचा की अंगावर काटा. जागृत स्थान! वाफेतून एक साधूबाबा बाहेर आले. लांब दाढी, ओले केस, अंगाला घोंगडी. या थंडीत स्नान करून पूजा! चेहऱ्यावर तेज म्हणाल तर लालबुंद. मी वाकले तर उलट तेच माझ्या पाया पडले. म्हणाले, माताजी, अब पानी बहुत गरम है. म्हणजे तीर्थ. कडकडीत तीर्थ पहिल्यांदाच बघितलं.

आत मूर्ती नाही. मोठं तांब्याचं दैवत, उभं, पोटात अग्नी पेटलेला. असल्या ठिकाणी मूर्ती नसतेच. हळदकुंकू वाहिलं. उंबऱ्याच्या दगडावर नारळ फोडला, एक वाटी बाबांना दिली. ते बराच वेळ ती वाटी बघत उभे होते. भारावले असणार. त्यांनीच माझा फोटो काढला, हात जोडलेला, पायाशी नारळ, मागे दैवत आणि धूर.

परत यायला चार ढांगा लागल्या. दर्शन झालं की देवी उतरण सोपी करते.

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. बोलून पाठवलं, विहीणबाई, सैंधव उपासाला वापरा.

घसा बसेपर्यंत गाणी म्हटली. अम्माला धरून एक फुगडी घातली. तिला फुगडी येते, हे मात्र कबूल.

२७ मार्च. जेवणानंतर.

शेजारच्या टेबलावर साधूबाबा. जीन पँट घालून ऑम्लेट खात होते. शत्रुघ्नला म्हणाले, आपकी माताजी बहुत स्वीट हैं, मैं नहाके निकला तो बाथरूम के बाहर नारियल दिया.

सगळे माझ्याकडे बघतायत. चिराग टेबलाखाली गेला तो वर येईना. मी भाजी वाढून घेतली.

तेवढ्यात हॉटेलवाला आला. बंबावर कुंकू कोणी लावलं, विचारत होता.

आमच्याकडे पाणी चुलीवर तापायचं, बंब शहरातल्या लोकांचे. धुक्यात कोणालाही देव वाटला असता.

मग ग्रुपवर यमुनाबाईचा आवाज. चिरागने मुद्दाम मोठ्याने लावला. अहो पुतळाबाई, त्या बंबाला मी ओळखते हो! मागच्या वर्षी रोज त्याच्याच पाण्याने न्हात होते. तुम्ही मात्र त्याला नारळ फोडलात. बरं, पापडाला सोमवारी येऊ की मंगळवारी?

लगेच उत्तर पाठवायला फोन उचलला. नेटवर्क नव्हतं.

२८ मार्च. निघायच्या आधी.

धुकं गेलं. अम्माने हात वर करून देऊळ दाखवलं. आहे. फारच वर आहे. झेंडा दिसला, तोही चिरागने सांगितल्यावर.

अंघोळ केली. नारळ फोडलाय, म्हणजे व्रत सुटलं. आत जाण्याआधी घंटा वाजवली आणि हात आपोआप जोडले गेले. कोणी बघितलं नाही. पाणी कडकडीत होतं, गुडघ्यातली थंडी गेली.

यमुनाबाईला कळवलं, मंगळवारी या. मीठ बेताने घाला.