पेरूवरचं मेण

आई, इथूनच गुडघे टेकून नमस्कार करते. बाळ बरं आहे, अंगावर पितंय. बाबांचा खोकला कसाय?

तू दिलेल्या पेरूच्या रोपावर पांढऱ्या मेणाच्या गाठी आल्यात. आता सासऱ्यांची कॉफीची सगळी झाडंही तशीच मेणानं भरून वाळतायत. मसाका शहरातून शेतकी खात्याचा साहेब आला, मेण खरवडून भिंगातून किडा बघितला. म्हणाला, "याचे भाऊबंद पुष्कळ, दिसतात सारखे. पण हा पेरूवरून कॉफीवर जाणाराच."

सासू म्हणाली, "बघा, सुनेनं माहेरचा आहेर आणलाय!" नवरा उठून बाहेर गेला.

रविवारी सासरे तुझ्या दारातलं पेरूचं झाड बघायला येतायत. त्यावर मेण दिसलं तर बाळाला इथे ठेवून मला घालवून देणार.

झाड तोडू नको, ताजं कापलेलं खोड बघून त्यांना कळेलच. केळी उकडून त्यांना पोटभर वाढ. बाळ अजून माझं दूध सोडत नाही, माझ्यावाचून राहायचं नाही, एवढंच त्यांना सांग.

तुझीच,
नालुले