पिवळी रेघ

हैदराबाद

लाडक्या सृष्टीस, आईचे लई लई आशीर्वाद.

माझं ऑपरेशन झालं. मी बरी हाय.

आधी डॉक्टरांनी नव्या एमआरआयवर चेहऱ्याची नस पिवळ्या रेघेनं दाखवली. ती कानामागच्या गाठीला चिकटलेली होती. म्हणले, "सगळी गाठ काढली तर तोंड वाकडं होऊ शकतं."

मी म्हणले, "माझ्या लेकीला ऐकू येत न्हाई. ती माझे ओठ बघून समजते. गाठ थोडी राहू द्या."

त्यांनी तेवढी ठेवली. आता दरवर्षी तपासायला यायचं, एवढंच.

डाव्या कानानं मलाही ऐकू येईना. तू घाबरू नको.

लातूरच्या वसतिगृहात पोटभर जेवतेस ना? आज्जा भेटायला आले की माझा नमस्कार, शरणार्थ सांग.

आज आरशासमोर तुझं नाव म्हणून बघितलं. ओठ दोन्हीकडून हलले.

तुझी आई,
गुरम्मा