मांजरसुंब्याच्या भिंतीवर अम्मी

१८ फेब्रुवारी

फोटोच नाही. पोलीस ठाण्यातला हवालदार अम्मीच्या आधारकार्डाची झेरॉक्स बघून म्हणाला, "ताई, ही कोणतीबी म्हातारी असू शकती." खरंय. डोळे अर्धे मिटलेले, ओठ आवळलेले. लग्नांच्या फोटोत अम्मी कायम पाठमोरी, नाहीतर पदराआड.

मी भिंतींवर मोठमोठी माणसं रंगवते. नागपूरला पुलाखाली हमाल काढले, लातूरला तीन मजली सफाईवाली बाई. पेपरात आलं. आणि माझी स्वतःची आई, अजमतबी, जिनं स्टँडबाहेर फळांचा गाडा लावून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं — तिचं एक स्केच नाही माझ्याकडं. एकदा बळंच समोर बसवलं होतं. "मी काय पुढारी हाय का, माझं चित्र काढायला?" म्हणाली, उठून गेली.

जानेवारीत घरातून निघाली ती आलीच नाही. मी तेव्हा नागपूरला होते, परांचीवर.

१९ फेब्रुवारी

वर्षभर विसरायला लागली होती. सुट्टे द्यायला चुकायची. एकदा आमचीच गल्ली सापडेना. मग माझ्या भावानं, सलीमभाईनं, गाडा बंद करून तिला घरी बसवलं. "अशी बाई रस्ता काय सांगणार कुणाला?" तो म्हणतो. गॅरेज बंद ठेवून दवाखाने, दर्गे, स्टँड फिरतोय. दाढी वाढलीय. जेवत नाही.

२१ फेब्रुवारी

भिंत मिळाली.

मांजरसुंब्याला अभिमन्यूचा ढाबा आहे, शेजारी त्याचीच तीन मजली लॉज. शाळेत एका वर्गात होतो आम्ही. सोलापूरच्या, बीडच्या, केजच्या, पाटोद्याच्या, सगळ्या गाड्या तिथं चहाला थांबतात. रस्त्याकडची भिंत कोरी. म्हणाला, "काढ. पण पाडव्याला तिथं आमच्या साहेबांचा फोटो लागणार हाय, शब्द देऊन बसलोय."

म्हणजे पाडव्यापर्यंत अम्मी त्या भिंतीवर राहणार. कुणीतरी बघेल. कुणीतरी बघायलाच पाहिजे.

२४ फेब्रुवारी

परांची बांधून झाली. चौकटी आखल्या. नाक जमलं, हनुवटी जमली. डोळे नाही.

२५ फेब्रुवारी

सलीमभाई आला. खाली उभा राहून वर बघत राहिला. मी उतरले.

"कावून काढलंस हे?"

"लोकांनी ओळखावं म्हणून."

"जिनं जन्मात कुणाला तोंड दाखवलं न्हाई, तिचं तोंड आता ट्रकवाले चहा पीत बघणार व्हय?"

"मग दुसरं काय करू? तू सांग."

गाडीला किक मारून गेला. मला राग यायला हवा होता. रडूच आलं, तेही सगळ्या ढाब्यासमोर.

२७ फेब्रुवारी

डोळे पुसले, परत काढले, परत पुसले. लांबून बघितलं तर कुणीतरी परकी बाई आपल्याकडं बघतेय. इतकी माणसं रंगवली, घरातलं माणूस कधी नीट बघितलं नाही का मी?

१ मार्च

कड्याहून फोन. कारखान्याजवळ हॉटेल असलेल्या एकाला सलीमभाईनं फिरताना माझा नंबर दिला होता. तो म्हणाला, एक मुसलमान म्हातारी दोन दिवसांपासून बाकड्यावर बसून आहे, नाव सांगत नाही. मी आणि सलीमभाई मोटरसायकलवर गेलो. वाटेत तो एकदाच बोलला. "असंल. तीच असंल."

नव्हती. कुणीतरी दुसरीच. पण तिनं माझा हात धरला आणि सोडेचना. "आलीस का गं?" म्हणत राहिली. मी "हो" म्हणाले. काय म्हणणार? हॉटेलवाल्यानं ठाण्यात कळवलं, ते तिला घेऊन गेले. जाताना वळून वळून माझ्याकडं बघत होती.

परतताना सलीमभाईनं रस्त्यात गाडी थांबवली. बाभळीखाली जाऊन बसला. पहिल्यांदाच त्याला तसं रडताना बघितलं.

३ मार्च

आज रोजा ठेवूनच चढले. दुपारी भिंत इतकी तापली की हात लावता येईना.

सलीमभाई परत आला. मला वाटलं भांडायला. खाली बसून म्हणाला, "पदर कपाळावर घे. अजून खाली. मग काढ." आणि मग म्हणाला, "तिचा डावा डोळा जरा बारीक हाय. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ती त्याच डोळ्यानं बघायची. आठवतंय का?"

आठवलं.

४ मार्च

झाली.

ती आहे. पदर, सुरकुत्या, तो बारीक डोळा — पूर्ण अम्मी, तीन मजली. खाली हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं: आमची आई हरवली आहे. त्याखाली माझा नंबर. सलीमभाई तिच्याकडं बघेना. मान खाली घालून म्हणाला, "तीच हाय."

९ मार्च

फोन नुसते वाजतायत. कुणी म्हणतं तुळजापुरात दिसली, कुणी म्हणतं परभणीत. एकजण रोज फोन करतो आणि घाण बोलतो. त्याचा नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून करतो. तरी उचलावाच लागतो. न जाणो.

१३ मार्च

लोक भिंतीपुढं सेल्फी काढतायत. एका चॅनेलवाल्यानं विचारलं, "मॅडम, या कलाकृतीमागची प्रेरणा काय?" मी म्हणाले, माझी आई हरवलीय. तो म्हणाला, हो, ते छानच आहे, पण प्रेरणा?

१७ मार्च

काही नाही.

२० मार्च

आज एकही फोन नाही. तो घाण बोलणारासुद्धा नाही.

उन्हानं गालावरचा रंग फुगला होता, म्हणून दिवसभर परांचीवर होते. खाली गाड्या येत होत्या, जात होत्या. मी वळूनही बघितलं नाही. आता वळून बघायची भीती वाटते. प्रत्येक म्हातारी अर्धा क्षण अम्मी असते, मग नसते. मेली असेल, असं आज पहिल्यांदा वाटलं. गालावर हात ठेवून होते तेव्हाच वाटलं. मग खाली उतरताच येईना. अभिमन्यूनं वर येऊन उतरवलं. म्हणाला, "अदिबा, बास कर आता. साहेबांच्या लोकांचा फोन आलता, पण त्याचं मी बघतो. तू घरी जा."

सलीमभाईला हे बोलले नाही. त्याच्याही मनात तेच असणार. आम्ही दोघं इफ्तारला समोरासमोर बसतो आणि एकमेकांकडं बघत नाही.

२३ मार्च

सापडली!

सकाळी फोन आला. बाई होती, केशरबाई नावाची, शिरूर कासारची. ऊसतोडीला सोलापूरकडं गेलती, नुकतीच टोळीबरोबर परत आली. मांजरसुंब्याला चहाला थांबले तेव्हा भिंत बघितली, नंबर पाठ करून घेतला.

"तुमची आई आमच्याकडं हाय. धडधाकट हाय. जानेवारीत स्टँडवर भेटली, म्हणाली मलाबी न्या. आमच्या कोपीत, फडावरच्या पाचटाच्या खोपटात, राहत होती, माझं लेकरू सांभाळायची, भाकरी करायची."

सलीमभाईनं फोन ओढून घेतला. "आत्ता येतो," म्हणाला.

ती म्हणाली, "या. पण आरडाओरडा करू नका. तिला न इचारता फोन केलाय मी. माझ्यानं बघवंना तुमचं ते लिहिलेलं."

सलीमभाई अम्मीसाठी नवी चप्पल घ्यायला पळालाय. निघतोय आम्ही.

२४ मार्च

अम्मी अंगणात लेकराला घेऊन बसली होती. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "अदिबा, किती वाळलीस." त्या घडीला तरी सगळं नीट आठवत होतं तिला.

"मी हरवले नव्हते. निघून गेलते." सलीमभाईकडं बोट केलं. "हा गॅरेजला जाताना बाहेरून कडी घालायचा. रोज. कोपीला दारच नसतंय."

मला हे माहीत नव्हतं. सलीमभाई चप्पल हातात धरून उभा राहिला. "तुझ्याच काळजीनं, अम्मी," एवढंच म्हणाला.

टोळी चहाला थांबली तेव्हा मांजरसुंब्याला ती गाडीतून उतरलीच नव्हती. तोंडावर पदर ओढून बसली होती. "तू वर होतीस, माझ्या गालाशी. पाठ दिसली तुझी. हाक मारावी वाटलं. पण सगळे माझंच तोंड बघत होते."

आमच्याबरोबर आली नाही. "आधी ते पूस. मग बघू."

पांढऱ्या रंगाचे डबे घेतलेत. सलीमभाई खाली परांची धरून उभा आहे. वरून, पदरापासून सुरुवात करते.