‘हाय’ या शब्दाच्या अर्थाबाबत

मी, आकाराम पिराजी चौगले, वय वर्षे ७४, मराठीचा निवृत्त शिक्षक, जन्म गडमुडशिंगी, राहणार कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि शुद्धलेखनाचे नियम पाळून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी सौ. बाळाबाई हिने “जेवाय येतासा का झाकून ठेवू?” असे दोनदा विचारले, ते दडपण समजू नये.

कलम १. राहते घर माझ्यामागे संपूर्णपणे बाळाबाईच्या मालकीचे राहील. चिरंजीव विजयसिंह याने “पुढचं पुढं बघू” म्हणू नये. पुढचे बघायला मी नसेन.

कलम २. बँकेतील ठेव नात अनुजा हिच्या शिक्षणासाठी. तिने मराठी घेतले नाही तरी चालेल.

कलम ३. माझे सहकारी गुरुप्रसाद यांना त्यांनीच लिहिलेली रसग्रहणाची गाइडे परत करावीत. ‘कवितेत हाय आला की करुण रस समजावा’ हे वाक्य त्यांचे. त्यावर विश्वास ठेवणारा गाढव मी.

कलम ४. कपाटातील तपकिरी पाकिटात बाळाबाईने १९८८ साली कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली एकुलती एक कविता आहे:

घर हाय दार हाय
म्हस हाय दूध हाय
त्यात धनी हाय
मागू आनी काय

माझ्या घरात सगळे हाय-न्हायच बोलतात, मीसुद्धा. पण वर्गात “हाय नाही, आहे म्हण” असे सांगत पोरांचे कान पिळण्यात माझी हयात गेली. त्यामुळे कागदावरचा हाय मला फक्त सुस्कारा वाटायचा. मी लाल पेनने खुणा केल्या. घर, हाय! धनी, हाय! बायको माझ्या घरात दुःखी आहे, असा निष्कर्ष काढून मी मुळापासून हादरलो. तिला काही न विचारता मी ओरडणे सोडले, स्वतःचे ताट स्वतः घासू लागलो, दर पावसाळ्यात तिला गगनबावड्याला नेऊ लागलो.

बाळाबाईने माझाही असाच अर्थ लावला. “येवढं गोड वागाय लागल्यात म्हंजी भाईर कायतरी भानगड हाय,” असे तिने बहिणीला सांगितले आणि दोन वर्षे माझी पिशवी तपासली. पिशवीत निबंधाच्या वह्या सापडत.

गेल्या दिवाळीत अनुजाने तो कागद शोधून स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला. आलेले पत्र वाचावे तसा, सरळ. मग म्हणाली, “आजोबा, आज्जीनं किती छान लिहिलंय, सगळं आहे म्हणून!” माझ्या हातातली बशी पडली. छत्तीस वर्षे मी सुखी बाईचे सांत्वन करत होतो.

सबब वारसांना सूचना: कविता आधी मोठ्याने वाचावी, आणि लिहिणाऱ्याच्या बोलीत वाचावी. लगेच रस शोधू नये. स्वतःची विरामचिन्हे घालू नयेत. आणि कवयित्री शेजारच्या खोलीत भाकरी थापत असेल तर उठून तिला विचारावे. हे मला सुचले नाही, याची लाज वाटते.

कलम ५. सदर कवितेच्या अर्थावरील माझा हक्क मी बाळाबाईच्या नावे सोडतो. हे कलम तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, “लिवलं तवा ‘आहे’च हुतं. पर तुमी रिटायर झालासा, दिसभर घरात बसून माझ्या भाजीत चुका काढाय लागलासा, तवापास्नं तुमचंच ‘हाय!’ बरोबर हाय.”

मी लिहिणे थांबवले. भीत भीत विचारले, “आणि आज?”

तिने झाकून ठेवलेले ताट माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाली, “आज पैल्यांदा इचारलासा. हाय की.”

याचा अर्थ वारसांनी लावू नये. तो मला कळला आहे.

वरील मजकूर वाचून, समजून आणि दोन ठिकाणी वेलांटी सुधारून सही केली.

(सही) आकाराम पिराजी चौगले

आमच्यासमक्ष सही झाली:
१. (सही) डॉ. प्रियदर्शनी उदयसिंह घाटगे
२. (सही) यशराज बंडू खाडे

ठिकाण: कोल्हापूर
तारीख: ९ फेब्रुवारी २०२५